प्राध्यापकांचे प्रोफाइल आणि एक्यूएआरचा डेटा एकाच शीटमध्ये आणायच्या कामाच्या नोंदी

७ ऑक्टोबर २०२४

कॉलेज अनुदानित, तालुक्याच्या गावचं, तिन्ही शाखा. मी ग्रंथपाल आणि आयक्यूएसीत (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षात) मेंबर, म्हणजे कॉम्प्युटरचं जे काम कुणालाच नको ते शेवटी लायब्ररीत येतं. आज प्राचार्य सरांनी सांगितलं की वेबसाइटवरचे प्राध्यापकांचे प्रोफाइल अपडेट करा, आणि डिसेंबरअखेर एक्यूएआर (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकला दरवर्षी द्यायचा गुणवत्ता अहवाल) जायचाय तर तिसऱ्या निकषाचा (संशोधनाचा) डेटाही त्यातूनच काढा.

आधी आहे काय ते बघितलं. वेबसाइटवर प्रत्येकाच्या नावापुढे 'बायोडेटा' अशी लिंक, ती उघडली की स्कॅन केलेली पीडीएफ, बऱ्याचशा २०१७ च्या. रिटायर झालेले लोक अजून विभागप्रमुख आहेत. विद्वान पोर्टलवर (संशोधकांच्या माहितीचं, गांधीनगरच्या इनफ्लिबनेटचं) निम्म्यांची खाती आहेत पण पासवर्ड कुणाला आठवत नाही आणि रजिस्टर केलेला ईमेल जुना. मागच्या वर्षांच्या एक्यूएआरच्या एक्सेल फाइली तीन वेगवेगळ्या माजी कोऑर्डिनेटरांच्या पेनड्राइव्हमध्ये. आणि ऑफिसात भाऊसाहेबांकडे आयशेसाठी (केंद्र सरकारचं उच्च शिक्षणाचं वार्षिक सर्वेक्षण) भरलेली शिक्षकांची माहिती वेगळी, तिच्यात जन्मतारखा बरोबर आहेत पण पीएचडी झालेले लोक अजून नेट-सेटवरच आहेत.

म्हणजे तोच माणूस, तेच पेपर, आणि ते मागणारे किती, तर नॅक, आयशे, एनआयआरएफ (कॉलेजांची सरकारी क्रमवारी), विद्यापीठाचा वार्षिक अहवाल, शिवाय ज्याची त्याची कॅसची (प्राध्यापकांच्या बढतीची) फाइल. प्रत्येक वेळी नवीन एक्सेल व्हॉट्सॲपवर फिरतं, 'उद्या दुपारी १२ पर्यंत भरून पाठवा'.

एका कंपनीकडून ईआरपीमधल्या (कॉलेजचा सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) फॅकल्टी मॉड्यूलचं कोटेशन आलेलं होतं, वर्षाला सव्वा लाख, डेटा एंट्री आपणच करायची. जर एंट्री आपल्यालाच करायची असेल तर सव्वा लाख कशाचे हा प्रश्न प्राचार्य सरांनीच विचारला. त्यामुळे गूगल फॉर्म आणि शीटवर करायचं ठरलं, संस्थेचं गूगल वर्कस्पेस आधीपासून आहे, शैक्षणिक संस्थांना त्याची मूळ आवृत्ती फुकट मिळते.

१४ ऑक्टोबर २०२४

फॉर्म बनवून ग्रुपवर टाकला. सगळं एकाच फॉर्ममध्ये, वैयक्तिक माहिती, शिक्षण, अनुभव, प्रकाशनं, पुस्तकं, सेमिनार, रिफ्रेशर (प्राध्यापकांचं उजळणी प्रशिक्षण), प्रोजेक्ट, पुरस्कार. शुक्रवारपर्यंत मुदत दिली.

१९ ऑक्टोबर २०२४

फॉर्म फसला, आणि कसा फसला ते सविस्तर लिहितो कारण बहुतेक कॉलेजात पहिला फॉर्म असाच बनतो.

प्रकाशनांसाठी मी एक मोठा रकाना ठेवला होता, 'आपल्या सर्व प्रकाशनांची यादी द्या'. त्यात कुणी अख्खी यादी चिकटवली पण वर्षच नाही, कुणी 'यादी सोबत जोडली आहे' असं लिहिलं आणि जोडली नाही, एका सरांनी 'एकूण २३' एवढंच लिहिलं. केमिस्ट्रीच्या मॅडमनी अतिशय व्यवस्थित यादी दिली पण ती एका परिच्छेदात, आता त्यातून जर्नलचं नाव कुठे संपतं आणि खंड क्रमांक कुठे सुरू होतो हे यंत्राला कसं कळणार. थोडक्यात, वाचायला ठीक, मोजायला शून्य.

दुसरं म्हणजे एका माणसाला एकच ओळ मिळत होती. माणूस एक पण पेपर अनेक, म्हणजे पेपरची ओळ वेगळी पाहिजे. हे डेटाबेसवाल्यांना पहिल्या दिवशी शिकवतात, आम्हाला इथे कळलं.

तिसरं, प्रूफच्या फाइली. फॉर्ममध्ये फाइल अपलोड ठेवला की ती फाइल फॉर्मच्या मालकाच्या ड्राइव्हमध्ये जाते. फॉर्म मी घाईत माझ्या स्वतःच्या जीमेलवरून बनवला होता, तिथे फुकट जागा १५ जीबी आणि ती मेल, फोटो सगळ्यांना मिळून, आणि लोकांनी मोबाइलने काढलेले अख्ख्या पुस्तकाचे फोटो टाकायला सुरुवात केली होती. फाइलींची नावं तर बघायलाच नको, सगळ्या 'स्कॅन १' किंवा व्हॉट्सॲपने दिलेलं तारीखवेळेचं लांबलचक नाव.

बंद केला. आलेली उत्तरं वेगळ्या शीटमध्ये ठेवली, टाकून दिली नाहीत, नंतर ताळा करायला उपयोगी पडली.

दरम्यान आचारसंहिता लागलीय, निम्मा स्टाफ इलेक्शन ड्युटीच्या ट्रेनिंगला. दिवाळीनंतर बघू.

११ नोव्हेंबर २०२४

नवीन रचना. संस्थेच्या खात्यावर, तीन टॅब.

पहिल्या टॅबमध्ये माणसं, एका माणसाची एक ओळ. दुसऱ्यात प्रकाशनं, एका पेपरची किंवा चॅप्टरची एक ओळ. तिसऱ्यात उपक्रम, म्हणजे एफडीपी (प्राध्यापकांची छोटी प्रशिक्षणं), रिफ्रेशर, सेमिनार, व्याख्यानं, समित्या. तिन्ही जोडणारा दुवा म्हणून नाव अजिबात वापरलं नाही. आमच्याकडे एकाच आद्याक्षरांचे तीन पाटील आहेत. कायम लोकांसाठी सेवार्थ आयडी घेतला, तो पगाराशी जोडलेला असल्यामुळे ऑफिसात बरोबरच असतो. सीएचबीवाल्यांना (तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना) सेवार्थ आयडी नसतो, त्यांना कॉलेजचाच एक कोड दिला आणि तो पुढच्या वर्षी परत नेमणूक झाली तरी तोच ठेवायचा असं ठरवलं. आत्तापर्यंत सीएचबीच्या मुलामुलींचे प्रोफाइल दर जूनमध्ये उडायचे आणि त्यांचे पेपर कॉलेजच्या हिशोबातून जायचे, जे खरं तर आमच्याच पत्त्यावर छापलेले असायचे.

आता आकड्यांच्या गमती. शीट ही गोष्ट आकडा दिसला की त्याचं गणित करायला बसते.

ऑर्किड आयडी (संशोधकाचा जागतिक ओळख क्रमांक) १६ आकडी असतो आणि सुरुवात शून्यांनी होते. मधल्या रेषा न देता टाइप केला की पुढची शून्यं गळतात आणि उरलेला आकडा कुणाचातरी चुकलेला मोबाइल नंबर वाटतो. शेवटचं अक्षर कधी कधी एक्स असतं, ते तपासणीचं अक्षर आहे, काही जणांनी 'हे चुकून आलंय' म्हणून खोडून पाठवलं. आयएसएसएनचंही (नियतकालिकाचा क्रमांक) तेच, आठ अक्षरं, शेवटी एक्स येऊ शकतो, पुढे शून्य असलं तर गळतं. आयएसबीएन (पुस्तकाचा क्रमांक) १३ आकडी, तो लहान रकान्यात ई अधिक १२ असा काहीतरी घातांकात दिसतो, आणि एक्सेलमधून तसाच सीएसव्ही म्हणून सेव्ह केला की मूळ आकडे कायमचे गेले, जे दिसतं तेच सेव्ह होतं. जोडअंक १-२ असेल तर त्याची तारीख होते. पानं ५-१२ असतील तर ५ डिसेंबर. एका पेपरची पानं ५ डिसेंबर आहेत असं मागच्या एका एक्यूएआरमध्ये खरोखर गेलेलं सापडलं.

उपाय साधा आहे पण क्रम महत्त्वाचा. डेटा चिकटवायच्या आधी ते सगळे कॉलम प्लेन टेक्स्ट करायचे. चिकटवल्यावर केलं तर गेलेली शून्यं परत येत नाहीत.

आणखी एक, वर्ष आणि महिना वेगळे कॉलम. कुणाला शैक्षणिक वर्षाप्रमाणे लागतं, कुणाला कॅलेंडर वर्षाप्रमाणे. नुसतं '२०२३-२४' लिहून ठेवलं तर त्यातून कॅलेंडर वर्ष काढता येत नाही, महिना असेल तर दोन्ही निघतात. मराठीच्या सरांनी वर्षं देवनागरी आकड्यांत भरली होती, वाचायला छान, पण शीट त्यांना आकडे मानत नाही, बेरीज शून्य येते. शीटमध्ये इंग्रजी आकडे असा नियम केला आणि सरांची रीतसर नाराजी ओढवून घेतली.

२५ नोव्हेंबर २०२४

मतदान २० ला झालं, निकाल परवा लागला, स्टाफरूममध्ये दुसरा विषय नाही, त्यामुळे मला निवांतपणे बसून स्क्रिप्टचं काम करता आलं.

कल्पना अशी की ज्याच्याकडे डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) आहे त्याने फक्त डीओआय द्यावा, बाकीचं म्हणजे शीर्षक, जर्नल, खंड, पानं, सहलेखक आपण क्रॉसरेफवरून (हे क्रमांक नोंदवणारी एक संस्था) ओढून घ्यायचं. क्रॉसरेफचा एपीआय (प्रोग्रामने माहिती मागायची सोय) फुकट आहे, परवानगीची की वगैरे लागत नाही, विनंतीत आपला ईमेल जोडला की झालं, तसं करा असं तेच सांगतात.

पहिल्यांदा मी सेलमध्येच फंक्शन लिहिलं होतं. ते कामाचं नाही. शीट उघडली की सगळी फंक्शनं परत पळायला लागतात, वेळेची मर्यादा ओलांडली की चुकीचा लाल शेरा येतो आणि काल भरलेली माहिती आज गायब. म्हणून मेन्यूत एक बटण दिलं, ते दाबलं की फक्त रिकाम्या ओळींसाठी माहिती आणायची आणि ती साध्या मजकुरासारखी लिहून टाकायची. एकदा लिहिलेलं परत बदलत नाही.

तरी काही डीओआयना 'सापडत नाही' असं येत होतं, जे ब्राउझरमध्ये नीट उघडत होते. कारण डीओआय देणाऱ्या संस्था अनेक आहेत. झेनोडोवर (पेपर, डेटा ठेवायची खुली साइट) टाकलेल्या पेपरचा डीओआय डेटासाइट या दुसऱ्या संस्थेकडून येतो, तो क्रॉसरेफच्या एपीआयमध्ये असणारच नाही. बरीच लहान जर्नलं झेनोडोचाच डीओआय देतात. मग क्रॉसरेफला विचारायच्या ऐवजी डीओआयच्या मूळ पत्त्यालाच विनंती केली आणि हेडरमध्ये 'संदर्भाची माहिती जेसन स्वरूपात दे' असं सांगितलं, दोन्हीकडचं एकाच रचनेत मिळायला लागलं. हे आधी केलं असतं तर दोन संध्याकाळी वाचल्या असत्या.

आणि काही डीओआय कुठेच उघडेनात. ते नुसते डीओआयसारखे दिसणारे नंबर. पेपरवर छापलेले आहेत, सर्टिफिकेटवर पण आहेत, शेजारी 'इम्पॅक्ट फॅक्टर ७ पूर्णांक काहीतरी' (जर्नलमधल्या लेखांचे संदर्भ किती दिले जातात त्याचा आकडा) असंही आहे, पण तो नंबर कुणी रजिस्टरच केलेला नाही. ज्यांचे पेपर आहेत त्यांना फोन करून हे सांगणं या सगळ्या कामातलं सगळ्यात अवघड काम. एक सर म्हणाले 'मी पैसे भरलेत हो, पावती आहे'. काय बोलणार.

तारखेचा घोळ पण आहे. ऑनलाइन आलेली तारीख डिसेंबर आणि छापील अंक पुढच्या मार्चचा, मोजायचं कोणत्या वर्षात? आम्ही दोन्ही कॉलम ठेवले आणि अंकाची तारीख धरायची असं आयक्यूएसीच्या मिनिट्समध्ये घेतलं. कुठली धरली यापेक्षा दरवर्षी तीच धरणं महत्त्वाचं, नाहीतर एकच पेपर दोन वर्षांत मोजला जातो आणि नॅकच्या डीव्हीव्हीत (डेटा पडताळणीत) प्रश्न येतो.

५ डिसेंबर २०२४

नावं. यावर दोन दिवस जातील असं वाटलं होतं, अजून चालू आहे.

आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव. पेपरवर कधी आडनाव आधी, कधी फक्त आद्याक्षरं. त्यात लग्नाआधीची पीएचडी माहेरच्या नावावर आणि नंतरचे पेपर सासरच्या. बॉटनीच्या मॅडमचे स्कोपसमध्ये (पेपर आणि त्यांच्या संदर्भांची आंतरराष्ट्रीय यादी) दोन वेगळे लेखक आयडी निघाले, निम्मे सायटेशन (इतरांनी दिलेले संदर्भ) एकीकडे निम्मे दुसरीकडे. स्कोपसला ऑनलाइन अर्ज करून ते एकत्र करता येतात, लेखकानेच करायचा, केला. ऑर्किडमध्ये 'या नावांनीही ओळख' असा भाग आहे तिथे सगळी रूपं टाकून घेतली.

उलटा प्रकार गूगल स्कॉलरवर. तिथे प्रोफाइल बनवताना नवीन लेख आपोआप जोडायचे की आधी मेलने विचारायचं असा पर्याय असतो. आपोआप ठेवलं आणि नाव कॉमन असलं की नावबंधूंचे पेपर पण येऊन बसतात. आमच्या इतिहासाच्या एका सरांच्या खात्यात पातळ फिल्म आणि नॅनो कणांवरचे पेपर होते, एच इंडेक्स (पेपर आणि सायटेशनवरून निघणारा आकडा) बघून मीच दचकलो. सरांना माहीतच नव्हतं, ते म्हणाले 'काढू नका लगेच, बायकोला दाखवतो'. मग एकेकाला समोर बसवून सेटिंग बदलून घेतलं आणि परके पेपर काढून टाकले. हे दुसऱ्याने परस्पर करण्यासारखं नाही, लॉगिन त्यांचं असतं आणि आपला पेपर कोणता हे त्यांनाच कळतं.

म्हणून स्कॉलरचा आकडा शीटमध्ये थेट घ्यायचा नाही असं ठरवलं. तसाही त्यांचा अधिकृत एपीआय नाही. ऑर्किडचा सार्वजनिक एपीआय आहे, पण त्यात फक्त 'सर्वांना दिसेल' असं ठेवलेलंच येतं, बऱ्याच जणांनी खातं काढताना 'फक्त मला' निवडलंय, तिथून काही मिळत नाही आणि माणसाला वाटतं मी तर सगळं भरलंय.

कॉलेजच्या नावाचीही तीच कथा. पेपरवर महाविद्यालय, कॉलेज, संस्थापकांच्या नावाची आद्याक्षरं, कधी नुसतं गावाचं नाव. एनआयआरएफ प्रकाशनं घेतं ती स्कोपस आणि तशाच दुसऱ्या वेब ऑफ सायन्स या यादीतून, आपण भरून देतो त्यातून घेत नाही, म्हणजे पेपरवर पत्ता जसा छापला तसाच तो मोजला जाणार. एक ठरलेली ओळ बनवली, प्राचार्य सरांच्या सहीने सगळ्यांना दिली, यापुढे पेपर पाठवताना हीच ओळ. मागच्याला इलाज नाही. आणि प्रकाशनांच्या टॅबमध्ये 'पेपरवर कॉलेजचं नाव आहे का' असा कॉलम टाकला. आधीच्या नोकरीत छापलेला पेपर कॅसला चालतो पण आमच्या एक्यूएआरमध्ये मोजता येत नाही, एकाच ओळीतून दोन्ही हिशोब निघायचे तर हा कॉलम लागतोच.

१७ डिसेंबर २०२४

मराठी, हिंदी विभाग. इथे डीओआय जवळजवळ नाहीतच. छापील नियतकालिकं, विशेषांक, गौरवग्रंथातले लेख. इथे सगळं हाताने.

आणि हाताने म्हणजे टाइप करणं आलं, कारण यादीच्या जुन्या फाइली श्री-लिपी आणि कृतीदेवमध्ये. युनिकोड नसलेला फॉन्ट, त्यामुळे शीटमध्ये चिकटवलं की इंग्रजी अक्षरांचा काला. कन्व्हर्टर वापरले, मुख्य मजकूर होतो पण रफार पुढच्या अक्षरावर जातो, ऱ्याचं काहीतरी भलतंच होतं, जोडाक्षरं सुटतात. 'कार्यशाळा' आणि 'ऱ्हास' असलेली शीर्षकं डोळ्यांनीच तपासावी लागली. 'कमवा आणि शिका'मधल्या एम. ए. च्या दोन मुलींना लावलं, त्यांना टाइपिंग चांगलं येतं, आणि त्यांनीच दाखवून दिलं की दोन लेख दोन वेगळ्या शीर्षकांनी भरलेत पण पानं आणि अंक तोच आहे. विचारलं तर एक मूळ शीर्षक आणि एक संपादकांनी बदललेलं. ते यंत्राला कधीच सापडलं नसतं.

प्रूफ म्हणून काय घ्यायचं ते पण इथेच पक्कं केलं. मुखपृष्ठ, आयएसएसएन किंवा आयएसबीएन असलेलं पान, अनुक्रमणिका (नावाखाली रेघ), लेखाचं पहिलं पान. एवढंच, अख्खा लेख नको. एक पीडीएफ, नाव ठरलेलं, कोड, वर्ष, प्रकार, क्रमांक. ड्राइव्हच्या लिंक गुप्त खिडकीत, म्हणजे लॉगिन नसताना, उघडून तपासायच्या. मागच्या एका वर्षी लिंक दिल्या होत्या पण परवानगी 'मर्यादित' होती, तपासणाऱ्याला 'ॲक्सेस मागा' असं पान दिसत होतं आणि आम्हाला ते क्वेरी आल्यावर कळलं.

८ जानेवारी २०२५

एक्यूएआर गेला. तिसऱ्या निकषाचा तक्ता पहिल्यांदा शीटमधून एका फिल्टरमध्ये निघाला. पण खरं बोलायचं तर भरलं कोणी, मी, दोन मुली आणि मोजून चारपाच उत्साही प्राध्यापक. बाकीच्यांनी फोटो व्हॉट्सॲपवर टाकले आणि 'तेवढं बघा ना सर'. असं असेल तर पुढच्या वर्षी हे परत माझ्याच गळ्यात.

दरम्यान ६ तारखेला यूजीसीने प्राध्यापकांच्या नेमणुका-बढतीच्या नवीन रेग्युलेशनचा मसुदा आणला. स्टाफरूममध्ये एकच चर्चा, एपीआय (इथे प्राध्यापकांच्या कामगिरीचे गुण) जाणार का, आपली कॅस जुन्या नियमाने की नव्या. मसुदा आहे, लागू झालेला नाही, ज्यांची ड्यू डेट येऊन गेलीय त्यांना २०१८ चंच धरून चालावं लागणार असं मी सांगत होतो आणि सांगता सांगता डोक्यात आलं की लोकांना वेबसाइटवरच्या प्रोफाइलशी काही देणंघेणं नाही, एक्यूएआरशी तर त्याहून नाही, त्यांना हवीय प्लेसमेंटची, म्हणजे कॅसमधल्या बढतीची, फाइल. ती शीटमधून निघाली तर ते स्वतःहून भरतील.

मग दोन दिवस त्यावरच. २०१८ च्या रेग्युलेशनच्या परिशिष्ट २ मधला तक्ता २, रिसर्च स्कोअरचा, तो शीटमध्ये बसवला. पेपरला विज्ञानात ८, कला-वाणिज्यमध्ये १०. वर इम्पॅक्ट फॅक्टरप्रमाणे वाढ, फॅक्टर नसलेल्या रेफरीड जर्नलला ५, एकच्या आत १० आणि तिथून पुढे चढत ३० पर्यंत. दोन लेखक असतील तर प्रत्येकी ७० टक्के. दोनपेक्षा जास्त असतील तर पहिल्या, मुख्य किंवा करस्पॉंडिंग लेखकाला ७० आणि बाकीच्यांना ३० टक्के. म्हणजे मराठीचा दोन लेखकांचा फॅक्टर नसलेला पेपर १५ चा ७० टक्के, साडेदहा. हे लोक हाताने करतात तेव्हा दोन लेखकांना अर्धं-अर्धं करतात, कारण प्रोजेक्टमध्ये ५०-५० आहे आणि ते डोक्यात बसलेलं असतं. त्यांचं नुकसान होतं.

दोन जागी सूत्र परत लिहावं लागलं. एक, धोरणविषयक दस्तऐवज आणि निमंत्रित व्याख्यानं-पेपर वाचन या दोन्हींचा मिळून स्कोअर एकूण स्कोअरच्या ३० टक्क्यांच्या वर धरता येत नाही, आमच्यात काही जणांचा मुख्य आधारच व्याख्यानं, त्यांचा आकडा धपकन खाली आला. मुळात हे ३० टक्के एकूणाचे, आणि एकूणात हे पण धरायचे, म्हणून सरळ सूत्र लावलं तर शीट स्वतःच्याच शेपटीमागे फिरते. बाकीच्या प्रकारांच्या बेरजेला ३० ने गुणून ७० ने भागायचं, ती मर्यादा. दोन, इम्पॅक्ट फॅक्टर रेग्युलेशनप्रमाणे थॉमसन रॉयटर्सच्या यादीतला, ती आता क्लॅरिव्हेटकडे आहे. जर्नलने स्वतःच छापलेला कुठलाही फॅक्टर चालत नाही. तो कॉलम ड्रॉपडाउन केला, हाताने आकडा टाकताच येत नाही.

एक बटण, आपला कोड टाकला की स्वतःचा तक्ता प्रूफच्या क्रमांकासकट छापून येतो.

१७ जानेवारी २०२५

फरक पडला. ज्या सरांनी ऑक्टोबरात 'एकूण २३' लिहून पाठवलं होतं ते स्वतः लायब्ररीत येऊन बसले, तेवीसच्या तेवीस ओळी भरल्या, प्रूफ लावून. प्रोफेसरसाठी ११० स्कोअर लागतो, त्यांचा थोडक्यात कमी पडत होता, संपादित ग्रंथातले चॅप्टर धरलेच नव्हते, प्रत्येकी ५. धरल्यावर झाला. बातमी पसरली. आता मला कुणाला रिमाइंडर पाठवायला लागत नाही, उलट रविवारी फोन येतात.

एक नवीन त्रास मात्र सुरू झाला. स्कोअर दिसायला लागल्यावर लोक एकमेकांचा बघायला लागले. टॅब सगळ्यांना उघडा होता. लगेच बंद केला, आता प्रत्येकाला स्वतःचंच दिसतं, पूर्ण शीट फक्त कोऑर्डिनेटर आणि प्राचार्यांना. फॉर्मने भरायचं, दुरुस्ती करायची तर फॉर्म परत उघडतो त्या लिंकने.

१३ फेब्रुवारी २०२५

यूजीसीची केअर यादी (मान्य जर्नलांची) बंद झाल्याची नोटीस. निर्णय ३ ऑक्टोबर २०२४ च्या बैठकीतला, नोटीस आत्ता आली. यापुढे जर्नल निवडायला सूचक निकष, यादी नाही.

आमच्या शीटमध्ये 'केअरमध्ये आहे का, हो किंवा नाही' असा कॉलम होता. तो आता अपुरा. कारण प्रश्न 'आहे का' असा नाहीच, 'छापलं तेव्हा होतं का' असा आहे. मे २०१८ मध्ये यूजीसीच्या जुन्या यादीतून ४,३०५ जर्नलं काढली गेली, नंतर जून २०१९ पासून केअर, आता ते पण बंद. २०१७ चा पेपर त्या वेळच्या यादीत होता, आज कुठेच दिसत नाही, याचा अर्थ तो अवैध नाही, पण ते दाखवायला कागद पाहिजे.

कॉलम बदलला. 'प्रकाशनाच्या तारखेला कोणती यादी' आणि शेजारी 'पुरावा', म्हणजे त्या जर्नलच्या नोंदीचा स्क्रीनशॉट, तारीख दिसेल असा. यादीची साइट पुढे किती दिवस उघडी राहील याचा भरवसा नाही म्हणून आज सगळं सोडून २०१९ नंतरच्या पेपरांचे स्क्रीनशॉट काढायला लावले. मुलींना जादा तास दिले. काही जर्नलं ठरावीक काळापुरतीच यादीत होती, तिथे कुठपासून कुठपर्यंत ते पण लिहून घेतलं. आणि एकदोन ठिकाणी नाव, आयएसएसएन बरोबर पण वेबसाइट नकली निघाली, मूळ जर्नलची नक्कल करून पैसे घेणारी. ते पेपर लाल करून ठेवलेत, लेखकांशी प्राचार्य सर बोलतील, मी नाही.

कुणी आत्ता हे काम सुरू करत असेल तर बाकी सगळं नंतर, हे पुरावे आधी गोळा करा.

३ मार्च २०२५

जे काम मुळात सांगितलं होतं ते आता, वेबसाइट.

जुन्या पीडीएफ काढून टाकल्या. काढता काढता उघडून बघितल्या तर बऱ्याच जणांच्या बायोडेटात पॅन नंबर, जन्मतारीख, घरचा पत्ता, जात प्रवर्ग, काहींचा आधार सुद्धा. इतकी वर्षं सगळ्या जगाला उघडं. नुसती लिंक काढून भागत नाही, फाइल सर्व्हरवरून पण काढावी लागते, नाहीतर सर्चमध्ये येत राहते. वेबसाइटवाल्याला तीनदा फोन.

नवीन पानावर फक्त नाव, पद, विभाग, शिक्षण, विषय, कॉलेजचा ईमेल, ऑर्किड आणि विद्वानची लिंक, आणि शीटमधून येणारी प्रकाशनांची यादी. मोबाइल नंबर नाही. मॅडम लोकांनी हे आधीपासून मागितलं होतं, कुणी ऐकलं नव्हतं. प्रत्येकाकडून 'एवढं दाखवायला हरकत नाही' अशी सही घेतली, २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा आहेच. फोटो ज्याला द्यायचा त्याने द्यावा. दोघांनी लग्नातले दिले, तसेच लावले.

विद्वानची खाती जुन्या ईमेलमुळे अडलेली, ती मेल लिहून एकेक करून सुटली, याला वेळ लागतो, धीर धरा. तिथे ऑर्किड जोडून ठेवलं.

२१ मार्च २०२५

खर्च विचारणाऱ्यांसाठी. सॉफ्टवेअर शून्य. दोन मुलींचं मानधन, झेरॉक्स, स्कॅनिंगसाठी एक मोबाइल स्टँड आणि दिवा, वेबसाइटवाल्याने नवीन पानाचे घेतलेले, सगळं मिळून अकरा हजारांच्या आत. माझा वेळ यात धरलेला नाही, आणि तो सगळ्यात जास्त गेलाय. बहुतेक नावं आणि जुन्या प्रूफमध्ये, स्क्रिप्टमध्ये फार कमी.

अजून न जमलेलं. आयशे आणि शीट जोडता आलेलं नाही, तिथे भाऊसाहेब पोर्टलवर हातानेच भरतात, फक्त आता शीट समोर ठेवून भरतात. रिफ्रेशर आणि एफडीपीच्या सर्टिफिकेटवर कधी सुरुवातीची तारीख असते कधी फक्त दिलेल्याची, दिवस मोजायचे तर अडचण, तिथे एमएमटीटीसीचं (शिक्षक प्रशिक्षण केंद्राचं) निवडपत्र पण जोडायला सांगितलंय. पेटंटचा टॅब उघडलाय, अर्ज, प्रकाशित आणि मंजूर हे तीन वेगळे ठेवलेत कारण लोक अर्ज केला की 'पेटंट मिळालं' असं लिहितात. डिझाइन रजिस्ट्रेशन पण त्यातच येऊन बसतंय, ते पुढच्या आठवड्यात वेगळं करतो.

फॉर्म, शीट आणि स्क्रिप्टची मालकी आज आयक्यूएसीच्या खात्यावर आहे ना ते परत बघितलं. स्क्रिप्टचा वेळेवर चालणारा ट्रिगर ज्याने लावला त्याच्या खात्याने चालतो, शीट हलवली तरी तो हलत नाही, तो माझ्या नावाने राहिला होता. काढला, आयक्यूएसीच्या लॉगिनमधून नवीन लावला. पासवर्ड प्राचार्यांच्या कपाटात बंद पाकिटात, आणि रिकव्हरीचा मोबाइल नंबर ऑफिसचा.